फेडोरा हॅट

मऊ नमद्याची म्हणजे फेल्टची, रुंद काठाची व माथ्यावर लांबट खोलगट घडी असलेली पाश्चात्त्य धाटणीची पुरुषी टोपी. माथ्याच्या पुढील भागी दोन्ही बाजूंना बोटांनी चिमटल्यासारख्या खळ्या असतात. माथा व काठ जेथे मिळतात तेथे बाहेरून रेशमी वा सुती फीत आणि आतून घाम शोषून घेणारी चामड्याची पट्टी बसविलेली असते. काठ मऊ असल्यामुळे तो पुढे खाली वाकविता व मागे वर वळविता येतो. हॉम्बर्ग हॅट हिच्याच जवळची. मात्र तिचा काठ ताठ असून सर्व बाजूंनी वर वळलेला असतो. मराठीत असे भेद सहसा केले गेले नाहीत. नमद्याच्या सर्व पाश्चात्त्य टोप्यांना ‘फेल्ट हॅट’ किंवा नुसते ‘हॅट’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि ‘फेडोरा’ हा शब्द महाराष्ट्रात रुळला तो बराच अलीकडे.

हे नाव एका नाटकावरून आले. फ्रेंच नाटककार व्हिक्तोर्यें सार्दू याचे फेदोरा हे नाटक १८८२ मध्ये पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले व त्यातील राजकन्या फेदोराची भूमिका सारा बर्नहार्ट या विख्यात अभिनेत्रीने केली. तिने वापरलेल्या मऊ हॅटचे अनुकरण प्रथम स्त्रियांनी केले. पुरुषांची हॅट म्हणून तिचा प्रसार त्यानंतर झाला. इंग्लंडचा युवराज एडवर्ड (पुढे राजा आठवा एडवर्ड) १९२४ च्या सुमारास अशी हॅट वापरू लागला आणि तेव्हापासून ताठ टोप्यांची जागा मऊ टोप्यांनी घेतली. इटलीतील अलेस्सांद्रिया येथील बोर्सालीनो (१८५७) व अमेरिकेतील स्टेटसन (१८६५) या निर्मात्यांची नावे या धंद्यात सर्वतोमुखी झाली. उत्तम नमदा बीव्हर, ससा इ. प्राण्यांच्या मऊ लोकरीपासून करतात. तंतू एकमेकांत गुंतावेत म्हणून पूर्वी लोकरीवर पाऱ्याच्या संयुगाची प्रक्रिया करीत व त्याच्या वाफेने कारागिरांना कंप आणि मनोविकार जडत. अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये बंद करण्यात आली.

महाराष्ट्रात हॅटचा इतिहास मात्र फेडोरापेक्षा कितीतरी जुना आहे. येथे ती वस्तू म्हणून वापरात येण्यापूर्वी ओळख म्हणून भाषेत आली. सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी कागदपत्रांत पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या सर्वांना मिळून ‘टोपीकर’ हा एकच शब्द वापरलेला आढळतो. धर्म, देश, भाषा यांनी हे लोक परस्परांहून भिन्न होते व त्यांचे आपापसांत वैरही होते. तथापि पागोटे बांधणाऱ्या समाजाच्या दृष्टीने डोक्यावरील तयार, काठाची टोपी हेच त्यांचे समान लक्षण ठरले. टोपी ही वस्तू येथे अपरिचित होती असे नव्हे. लहान मुलांचे टोपडे, कोळ्यांची लाल कानटोपी, साधुबैराग्यांच्या टोप्या परिचयाच्या होत्या. परंतु राजकारणात व दरबारात टोपी घालून वावरणारा पुरुष म्हणजे परका, ही खूण पक्की झाली. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात (१७१५ च्या सुमारास) टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. हे लोक केवळ सावकार नाहीत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत. म्हणून त्यांना समुद्रकिनारी वा खाडीवर जागा देऊ नये, वखारीस जागा द्यावीच लागली तर ती किनाऱ्यापासून दूर द्यावी, असा त्याचा आशय आहे. हा इशारा कोकणपट्टीच्या अनुभवातून आला होता. रेवदंडा व कोर्लई ही ठाणी १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी कान्होजी आंग्रे यांच्या कुलाबा किल्ल्यावर संयुक्त हल्ला करून पाहिला, तो फसला.

पुढे टोपीकरांचे राज्य आले आणि शब्दांची अदलाबदल झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुशिक्षित मराठी पुरुष पगडी सोडून काळ्या रंगाची, बिनकाठाची गोल टोपी वापरू लागले. पगडी बांधून घेण्यास पगडबंद लागे, ती महाग पडे व सांभाळावी लागे. टोपी स्वस्त आणि सुटसुटीत होती. या व्यापारात मुंबईत नावारूपास आलेल्या अनंत शिवाजी देसाई यांचे घराणे ‘टोपीवाला’ या नावानेच ओळखले गेले. मालवणचे विद्यालय व मुंबईचे वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी ते नाव आजही निगडित आहे. ‘टोपी’ हा शब्द अशा रीतीने देशी वस्तूला चिकटला. साहेबाच्या टोपीसाठी मग ‘हॅट’ हा इंग्रजी शब्द उसना घ्यावा लागला. भाषेने केलेला हा निवाडा अर्थपूर्ण आहे. टोपी घरची झाली, हॅट परकीच राहिली.

ती परकी का राहिली, याचे उत्तर बऱ्याच अंशी शिष्टाचारात सापडते. यूरोपात वडीलधाऱ्यांसमोर, स्त्रियांसमोर, घरात व प्रार्थनामंदिरात पुरुषाने हॅट काढावयाची असते. हॅट उचलणे हेच अभिवादन होय. महाराष्ट्रात याच्या नेमके उलट होते. वडिलांसमोर, देवकार्यात, सभेत व कीर्तनात डोके झाकलेले असले पाहिजे; बोडक्या डोक्याने पुरुष बाहेर पडला म्हणजे घरी काही अशुभ घडले असावे, असे समजत. आदर दाखवावयाचा तो पायातील जोडे काढून. कंपनी सरकारच्या व नंतर राणीच्या सरकारच्या दरबारांत या दोन रीती समोरासमोर आल्या. गोऱ्याने हॅट काढावी व बूट ठेवावेत, एतद्देशीयाने पागोटे ठेवावे व जोडे काढावेत, अशी सोयीस्कर वाटणी काही काळ चालली. पण ज्याने पायात इंग्रजी बूट चढविले व डोक्यावर पगडी कायम ठेवली, त्याने यांपैकी कोणता नियम पाळावा? १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने बंगालमध्ये, युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्या एतद्देशीयांना दरबारात ते घालून येण्याची मुभा दिली. तरीही १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात एका पारशी गृहस्थाने बूट काढण्यास नकार दिल्यावरून मोठा वाद झाला. वादाचा विषय पायांचा दिसत असला, तरी मूळ प्रश्न माणसाने सत्तेपुढे कोणता अवयव नमवावा हा होता.

या कोंडीतून मराठी सुशिक्षितांनी जो मार्ग काढला तो त्या काळच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. अंगात कोट आला, पुढे पायात बूट व मोजे आले, पाटलोणही आली. डोके मात्र शेवटपर्यंत पगडीचेच राहिले. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्या पिढीला कोट आणि पगडी यांत विसंगती वाटली नाही. कोट हा अंगाचा पोशाख होता. पगडी ही जात, प्रदेश, दर्जा आणि घराणे सांगणारी खूण होती. पगडीची बांधणी पाहून माणसाचे गाव व ज्ञाती ओळखता येत असे. ज्याच्या पगडीला मान होता, त्याला हॅट घालून मिळण्यासारखे फारसे काही नव्हते, उलट गमावण्यासारखे पुष्कळ होते. शिवाय हॅटच्या आतील चामडी पट्टी सोवळ्याओवळ्याच्या घरात आक्षेपार्ह ठरणारी होती. जोतीराव फुले यांनी पेच उलट्या बाजूने टाकला. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस ते शेतकऱ्याच्या जीर्ण वेशात गेले व उपस्थित श्रीमंत पोशाखांवरून प्रजेची पारख करू नये, असे त्यांनी पाहुण्यांना सांगितले.

खेड्यात हा प्रश्न निराळ्या पातळीवर होता. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) पेण तालुक्यात, गडबसारख्या खारपट्टीच्या गावांत, भातशेती, मीठ व मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसाच्या डोक्याला रुमाल किंवा टोपी असे. काठ असलेले शिरस्त्राण तेथे एकच, ते म्हणजे इरले. बांबूच्या कामट्या व झाडाची पाने यांनी विणलेले हे आच्छादन डोक्यावरून पाठीपर्यंत येते आणि लावणीच्या वेळी ओणव्याने काम करणाऱ्याचे पावसापासून रक्षण करते. उपयोगाच्या दृष्टीने पाहता ते कोणत्याही हॅटपेक्षा सरस आहे, कारण ते दोन्ही हात मोकळे ठेवते व पाठही झाकते. हॅट या गावांना दिसे ती फिरतीवर आलेल्या साहेबाच्या डोक्यावर. तीसुद्धा बहुधा फेल्टची नव्हे, तर सोला हॅट असे. सोला म्हणजे आपल्याकडील भेंड. बाशिंगे ज्या हलक्या, पांढऱ्या गाभ्याची करतात, त्याचीच ही जाड टोपी. उष्ण कटिबंधातील ऊन गोऱ्या माणसाच्या मेंदूस घातक असते, या समजुतीने ती सक्तीची झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती समजूत गेली व टोपीही गेली. धरमतरच्या बंदरातून मुंबईस जाणारा चाकरमानी परत येताना कोट आणि काळी टोपी घेऊन येई. हॅट घेऊन येणे म्हणजे साहेबाचे सोंग आणणे होय, अशी गावची समजूत होती.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डोक्यावरील वस्त्राला उघड राजकीय अर्थ प्राप्त झाला. असहकारितेच्या चळवळीबरोबर खादीची पांढरी गांधी टोपी आली. ती कोणत्याही जातीची वा प्रांताची नव्हती, दोन-चार आण्यांत होत असे आणि घरी धुता येत असे. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी युवराज एडवर्ड मुंबईस उतरले. मऊ हॅटला पुढे ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली तेच हे युवराज. त्या दिवशी त्यांच्यावर बहिष्कार पुकारलेला होता आणि परळ भागात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. मात्र त्याच वेळी शहराच्या अन्य भागांत जमावाने ट्राममधील प्रवाशांना त्रास दिला, परदेशी टोप्या घालणाऱ्यांच्या टोप्या बळाने हिसकावून घेतल्या व यूरोपीय आणि पारशी नागरिकांवर हल्ले केले. गांधीजींनी याची जाहीर निर्भर्त्सना केली आणि उपोषण आरंभिले. डोक्यावर काय घालावे हा प्रश्न मुंबईच्या रस्त्यावर दंगलीच्या थरास गेला, असा हा प्रसंग. राष्ट्रीय चळवळीत हॅट ही सरकारधार्जिणेपणाची खूण समजली जाऊ लागली, ती या काळापासून.

हे समीकरण सरसकट खरे नव्हते, हे दोन उदाहरणांवरून दिसून येईल. डिसेंबर १९२८ मध्ये लाहोर येथे सँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा वध झाल्यानंतर शहराची नाकेबंदी झाली. भगतसिंग यांनी केस कापून, ओव्हरकोट व फेल्ट हॅट चढवून, दुर्गावती व्होरा आणि त्यांचा लहान मुलगा यांच्यासह साहेबी कुटुंबाचा वेश घेतला व ते आगगाडीने निसटले. त्यांच्याबरोबर नोकराच्या वेशात होते ते पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू. पोलिसांनी हॅटवाल्याला हटकले नाही आणि त्याच्या नोकराकडे पाहिले नाही. हॅटभोवती जो दबदबा साम्राज्याने निर्माण केला होता, तोच येथे त्याच्याविरुद्ध वापरला गेला. भगतसिंगांचे एप्रिल १९२९ मधील दिल्ली येथे काढलेले हॅटमधील छायाचित्र पुढे देशभर पसरले आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या भिंतींवर आले. राजगुरूंची आठवण मात्र वेगळी, बोडक्या डोक्याची राहिली.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला पगडीचा मान कधीच नव्हता. चांगले वस्त्र, धातूचे दागिने, नीटनेटका पेहराव यांवर अनेक गावांत रूढीची बंधने होती व ती मोडणाऱ्यास मार खावा लागे. ज्याच्या डोक्यावरील प्रत्येक देशी वस्त्र त्याची जात सांगे, त्याच्या दृष्टीने हॅट ही जात न सांगणारी एकमेव वस्तू होती. याच कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेत आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या, हा त्यातील उपदेश होता. दुसऱ्याच दिवशी अनेक स्त्रियांनी नेसणे बदलले. वेश हा येथे चैनीचा वा अनुकरणाचा विषय नव्हता. सूट, टाय आणि काही छायाचित्रांत दिसणारी आंबेडकरांची फेल्ट हॅट याच विचाराच्या प्रकाशात पाहावी लागते. त्यांच्या पाश्चात्त्य पोशाखावर इंग्रजाळलेपणाचा आरोप करणाऱ्यांनी ही बाजू सहसा लक्षात घेतली नाही.

पोशाखातील अंतर म्हणजे हितसंबंधांतील अंतर नव्हे, याचाही प्रत्यय या जिल्ह्याने घेतला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ पर्यंत कुळांचा संप चालला. या कुळांचा कैवार घेऊन आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले व १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. लंगोटी व खांद्यावर घोंगडी एवढ्यावर राहणाऱ्या कुळांचा कैवार सुटाबुटातील बॅरिस्टर घेत होता, आणि त्यात त्या कुळांना काही विपरीत वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतर कोट टिकला, हॅट टिकली नाही. पश्चिमेतही १९५० ते १९७० या काळात तिचा वापर झपाट्याने घटला. मोटारींची बुटकी छपरे, केशभूषेला आलेले महत्त्व, युद्धात सक्तीने टोपी वापरलेल्या पिढीचा कंटाळा अशी कारणे त्यासाठी दिली जातात. महाराष्ट्रात तिच्याबरोबर काळी टोपी व पगडीही मागे पडली, पांढरी टोपी खेड्यापुरती उरली आणि शहरी पुरुष प्रथमच उघड्या डोक्याने वावरू लागला. दोनशे वर्षांच्या वादाचा निकाल असा कोणाच्याच बाजूने लागला नाही. डॉ. आंबेडकरांच्या गावोगावच्या पुतळ्यांत कोट, टाय, चष्मा, खिशातील लेखणी व हातातील ग्रंथ आहे. डोके मात्र बहुतेक ठिकाणी उघडे आहे. लोकस्मृतीने कोट स्वीकारला व हॅट गाळली. हिंदी चित्रपटांनी तिला गुप्तहेर, तस्कर आणि छानछोकी नायक यांच्या डोक्यावर जिवंत ठेवले. राज कपूर यांच्या श्री ४२० (१९५५) मध्ये ती गरीब भटक्याच्या डोक्यावर आली, हा चार्ली चॅप्लिनचा प्रभाव.

औपचारिक पोशाखात फेडोरा वापरण्याचे संकेत पाश्चात्त्य आहेत व ते अद्याप फारसे बदललेले नाहीत. हॅटचा रंग सुटाच्या रंगाशी मिळता किंवा त्याहून गडद असावा. करड्या, काळ्या वा निळ्या सुटावर करडी किंवा काळी, तपकिरी सुटावर तपकिरी. काठाची रुंदी कोटाच्या कॉलरच्या व खांद्यांच्या प्रमाणात असावी. छताखाली येताच ती काढावी, माथ्याला चिमटून न धरता काठाला धरून काढावी, आणि ठेवताना माथ्यावर उलटी ठेवावी म्हणजे काठाचा आकार बिघडत नाही. बंद गळ्याच्या जोधपुरी कोटावर ती शोभते की नाही याबद्दल मतभेद आहेत. धोतर व कोट यांवर ती घालण्याचा प्रयोग पूर्वी झाला तेव्हा तो चेष्टेचाच विषय ठरला.

अनौपचारिक वापर हा एकविसाव्या शतकातील. १९८० नंतरच्या अमेरिकन चित्रपटांमुळे व गायक मायकेल जॅक्सनमुळे फेडोरा पुन्हा लोकप्रिय झाली, आणि यावेळी ती सुटाशिवाय, सदरा व जीन्सवर आली. तरुणींनीही ती उचलली, हे तिच्या मूळ इतिहासाशी सुसंगतच म्हणावे लागेल. अलिबाग, काशीद येथील समुद्रकिनाऱ्यांवर पर्यटकांच्या डोक्यावर दिसणारी, गवत वा कागदी दोऱ्याची स्वस्त हॅट हा तिचाच उन्हाळी अवतार होय. खऱ्या नमद्याची हॅट कोकणच्या हवेला मानवत नाही. पावसाळ्यात तिला बुरशी येते, भिजल्यावर काठ लोंबतो व घामाने आतील चामडे कडक होते. म्हणून ती कोरड्या कापडाने पुसून, माथ्यात कागद भरून पेटीत ठेवावी लागते. भिजली असल्यास उन्हात वा विस्तवाजवळ न वाळविता सावलीत वाळवावी लागते. मुंबई–गोवा महामार्गावरून गडबवरून पुढे किनाऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेक जण या कारणास्तव गवती किंवा सुती हॅटच पसंत करतात. रस्त्याच्या कडेच्या शेतांत लावणीच्या दिवसांत इरल्यांची जागा आता प्लॅस्टिकच्या कागदाने बऱ्याच प्रमाणात घेतली आहे.